काचेतला नकाशा आणि कवटीतली गाठ

मेंदूवरील शस्त्रक्रिया म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम सुरी उभी राहते. परंतु या विद्येतल्या जाणत्यांना विचारावे, तर ते सांगतात की कापणे ही त्यातली दुय्यम गोष्ट. खरी अडचण असते ती सापडण्याची. पोट उघडले की यकृत कोणते आणि आतडे कोणते हे डोळ्यांना दिसते. कवटी उघडली की दिसतो तो वळ्यावळ्यांचा, सुमारे चौदाशे ग्रॅम वजनाचा, लोण्यासारखा मऊ गोळा. बोलणे कोठे, उजवा हात हलविणे कोठे, नातवंडाचा चेहरा ओळखणे कोठे, याच्या पाट्या त्यावर लावलेल्या नसतात. आणि ज्या गाठीसाठी हा सारा खटाटोप मांडला, ती कित्येकदा वर नसतेच. ती खाली कोठेतरी दडलेली असते. तिच्यापर्यंत पोहोचावयाचे, पण वाटेत कोणाच्या घरावरून पाय द्यावयाचा नाही, असा हा प्रवास आहे.

या प्रवासासाठी अलीकडे जे साधन पुढे आले आहे, त्याला इंग्रजीत ‘ऑगमेंटेड रिअॅलिटी’ आणि मराठीत ‘संवर्धित वास्तव’ म्हणतात. नाव भारदस्त असले तरी अर्थ सोपा आहे. समोर जे प्रत्यक्ष दिसते त्यावरच, जे दिसत नाही त्याचे चित्र नेमक्या जागी आणून ठेवावयाचे. आमच्या नागभीडकडचा जाणता वाटाड्या रानात शिरला की झाडोऱ्यापलीकडचा नाला आपल्याला दिसत असल्यासारखाच चालतो. त्याच्या मनातला तो नकाशा तुमच्या चष्म्याच्या काचेवर उमटला आणि खऱ्या झाडांवर तंतोतंत बसला, तर जे होईल ते हे. शल्यविशारद कवटीकडे पाहतो आणि आतली गाठ रंगीत रेषेने आखलेली त्याला दिसते.

मी डॉक्टर नव्हे. नागभीडच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला शिक्षक आहे. हा विषय माझ्या वाट्याला आला तो माझ्या भाच्यामुळे. ती हकीकत पुढे येईलच. आधी थोडा इतिहास पाहू.

अंदाजाचे दिवस

१८८४ सालच्या नोव्हेंबरची २५ तारीख. लंडनमध्ये रिकमन गॉडली या शल्यविशारदाने एका तरुण शेतकऱ्याची कवटी उघडली. एक्स-रेचा शोध लागावयास अजून अकरा वर्षे होती. मग गाठ कोठे आहे हे ठरविले कोणी? ह्यूज बेनेट नावाच्या वैद्याने रोग्याच्या लक्षणांवरून. झटके कोणत्या बाजूला येतात, कोणता अवयव आधी दुर्बळ झाला, एवढ्यावरून त्याने कवटीवरील जागा दाखविली, आणि तेथे खरोखरच अक्रोडाएवढी गाठ सापडली! रोगी पुढे महिन्याभरात जंतुदोषाने दगावला. परंतु बाहेरून पाहून आतली जागा सांगता येते हे त्या दिवशी सिद्ध झाले.

१८९५ मध्ये राँटगेनचे क्ष-किरण आले, पण त्यांना हाड दिसे, मेंदू दिसत नसे. तेव्हा १९१८ साली अमेरिकेच्या वॉल्टर डँडीने मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून चित्र घेतले. १९२७ मध्ये पोर्तुगालच्या एगाश मोनीशने रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्यांचे जाळे दाखविले. गाठ मात्र दिसत नसे. ती कोणाला ढकलते आहे एवढेच कळे. चोर दिसत नाही, पण गर्दी का सरकली यावरून त्याचा माग काढावयाचा, असा तो प्रकार होता.

आपल्याकडे ही विद्या स्वातंत्र्यानंतर रुजली. १९४९ साली वेल्लोरला डॉ. जेकब चँडी यांनी आणि पाठोपाठ मद्रासला डॉ. बी. राममूर्ती यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचे विभाग उभे केले. १९५० च्या दशकात मुंबईत डॉ. राम गिंडे आणि डॉ. होमी दस्तूर यांनी ती परंपरा सुरू केली. त्या पिढीने केवळ लक्षणे, हवेची चित्रे आणि बोटांचे ज्ञान यांवर किती जीव वाचविले असतील याचा विचार केला, की आजच्या यंत्रांचे कौतुक करताना जरा जपून करावेसे वाटते.

खरी क्रांती झाली ती १ ऑक्टोबर १९७१ रोजी. लंडनजवळच्या विंबल्डन येथील एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या नव्या यंत्राने एका स्त्रीच्या मेंदूचे आडवे छेद टिपले आणि गाठ चक्क चित्रात दिसली. हे यंत्र बनविले होते ई.एम.आय. या कंपनीने. म्हणजे आपल्या घराघरांत ज्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या तबकड्या वाजल्या, कर्ण्यासमोर कुत्रा बसलेल्या, त्याच घराण्याची ही कंपनी! हाउन्सफील्ड यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर आलेल्या एम.आर.आय.ने तर मऊ भाग इतके स्वच्छ दाखविले की गाठीची कड मिलिमीटरच्या हिशेबात मोजता येऊ लागली.

चित्र भिंतीवर, हात कवटीत

तरीही एक अडचण उरलीच. चित्र लटकत असे भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीत, आणि शल्यविशारदाचे हात असत रोग्याच्या डोक्यात. या दोहोंमधला पूल त्याच्या मनातच बांधावा लागे.

हा पूल यंत्राने बांधण्याचा पहिला ठळक प्रयत्न अमेरिकेतील डार्टमथ येथे डेव्हिड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला; तो १९८६ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकावर त्यांनी ठिणग्या पाडणारी छोटी साधने बसविली. ठिणगीचा आवाज खोलीतल्या ध्वनिग्राहकांपर्यंत पोहोचण्यास किती वेळ लागतो यावरून सूक्ष्मदर्शक कोठे आहे आणि कोठे पाहत आहे हे गणकयंत्र हिशेबाने काढी, आणि त्या जागी गाठीची कड कशी असेल ती रेषा थेट नेत्रिकेत उमटवी. ‘ऑगमेंटेड रिअॅलिटी’ हे नाव तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते. पण वस्तू तीच होती.

आज ठिणग्यांची जागा अवरक्त किरणांच्या कॅमेऱ्याने घेतली आहे. रोग्याचे डोके एका चौकटीत घट्ट धरतात आणि त्या चौकटीला चकाकते गोळे लावतात. तसेच गोळे हत्यारांनाही असतात. मग कपाळ, नाकाचा दांडा, डोळ्यांच्या कडा असे बिंदू एका सळईने किंवा लेझरने टिपून घेतात. यंत्र हे खरे बिंदू एम.आर.आय.मधल्या बिंदूंशी जुळवते. ट्रेसिंग पेपरवरचा नकाशा भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशावर सरकवत सरकवत बसवावा, तसेच हे. एकदा बसला की सळईचे टोक जेथे ठेवाल तेथे आत काय आहे ते पडद्यावर दिसते. चूक साधारणपणे दोन-तीन मिलिमीटरची धरतात. घरच्या मापात तांदळाच्या दाण्याच्या निम्म्याइतकी. मेंदूच्या मापात ती लहान म्हणता येत नाही.

बोडीचे पाणी सोडले की

आमच्या झाडीपट्टीत गावोगाव धानासाठी पाणी साठवून ठेवलेल्या बोड्या असतात. भरलेल्या बोडीचा नकाशा काढावा आणि मग पाणी सोडून द्यावे. काठचा गाळ खचतो, कड आत सरकते, आणि तुमचा नकाशा कागदावर बिनचूक असूनही जमिनीवर खोटा ठरतो.

मेंदूचे नेमके असेच होते. तो एका द्रवात तरंगत असतो. कवटी उघडली, द्रव वाहून गेला, गाठीचा काही भाग निघाला, की मेंदू खाली बसतो. ही सरकण कधी कधी सेंटिमीटरच्या घरात जाते. म्हणजे शस्त्रक्रिया जसजशी पुढे सरकते तसतसा सकाळचा एम.आर.आय. शिळा होत जातो, आणि काचेतली ती सुंदर रंगीत रेषा पूर्वीइतक्याच आत्मविश्वासाने चुकीची जागा दाखवू लागते. यंत्राला लाज नसते. ते अडखळत नाही.

यावर उपाय म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना नवे चित्र घेणे. शस्त्रक्रियागृहातच एम.आर.आय. बसविता येतो, पण त्याचा खर्च आपल्या देशात फार थोड्यांना झेपेल. येथे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे काम लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात डॉ. अलीअसगर मोईयादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींच्या, म्हणजे सोनोग्राफीच्या मार्गाने हा प्रश्न हाताळला. नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे विकसित झालेल्या यंत्राच्या साह्याने उघड्या मेंदूची त्रिमिती सोनोग्राफी करावयाची, आणि ती त्याच नकाशाच्या चौकटीत बसवावयाची. पाणी सोडल्यानंतरच्या बोडीचा नकाशा त्याच वेळी पुन्हा काढावा, तसे हे. आपल्या अनुभवावर त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांत विपुल लिहिले आहे. गरोदर स्त्रियांना परिचित असलेली ती सोनोग्राफी मेंदूच्या शस्त्रक्रियेत एवढी मोलाची ठरावी, ही मला तरी मोठी आशेची गोष्ट वाटते.

धानातले रानधान

गाठी दोन प्रकारच्या असतात असे ढोबळपणे म्हणता येईल. एक मेंदूच्या आवरणातून वाढणारी, बांधावरच्या दगडासारखी. तिला स्वतःची कड असते आणि ती बहुधा सबंध निघते. दुसरी मेंदूच्याच पेशींतून वाढणारी, जिला ग्लायोमा म्हणतात. ती बांधीतल्या रानधानासारखी असते. निंदणाला बसलेल्या बाईला विचारा: कोवळेपणी रानधान आणि धान यांत फरक दिसत नाही, लोंब्या येईपर्यंत कळत नाही आणि तोवर उशीर झालेला असतो. छत्तीसगडमध्ये शेतीतज्ज्ञांनी यावर एक नामी युक्ती काढली. ‘श्यामला’ नावाची जांभळ्या पानांची धानाची जात पेरावयाची; मग जे हिरवे दिसेल ते तण.

मेंदूतही अशीच युक्ती आहे, फक्त उलट. येथे रंग चढतो तो तणाला. शस्त्रक्रियेच्या काही तास आधी रोग्याला अमायनोलेव्हुलिनिक आम्ल पाजतात. निळ्या प्रकाशात उग्र ग्लायोमाच्या पेशी गुलाबी-तांबड्या चमकू लागतात. जर्मनीत झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, या पद्धतीने शंभरातील ६५ रोग्यांची दिसणारी गाठ पूर्ण निघाली. साध्या प्रकाशात हे प्रमाण ३६ होते. हा रंग मेंदूबरोबरच सरकतो, म्हणून तो शिळा होत नाही. मात्र सौम्य जातीच्या ग्लायोमाला तो बहुधा चढत नाही.

भाच्याची छत्री

माझ्या भाच्याची गाठ याच सौम्य जातीची होती. तो ब्रह्मपुरीकडच्या एका गावी शिक्षक आहे. वय तेव्हा चौतीस. वर्गात शिकविता शिकविता त्याचे शब्द मिनिटभर हरवत. समोर फळा दिसे, पण ‘फळा’ हा शब्द येत नसे. “मामाजी, मले शब्दच सापडत नाही जी,” असे त्याने एकदा हसत हसत सांगितले. कोणी पित्त म्हटले, कोणी बाहेरची बाधा म्हटली. ताईने दोन ठिकाणी उतारेही केले. पुढे ऐन रोवणीच्या दिवसांत बांधावरच त्याला झटका आला, तेव्हा आम्ही त्याला भिवापूर-उमरेडच्या रस्त्याने नागपूरला नेले.

एम.आर.आय.मध्ये डाव्या बाजूला, बोलण्याच्या केंद्राला लागून गाठ निघाली. तिथल्या शल्यविशारदांनी आम्हांला पडद्यापुढे बसवून सारे दाखविले. पिवळी ती गाठ. तिच्या कडेने गेलेले निळे-हिरवे धागे म्हणजे बोलण्याच्या तारा. हीच पिवळी रेषा सूक्ष्मदर्शकातही दिसणार होती. ताईने पदर सावरून विचारले, “मग सगळीच काढून टाकाल ना जी?” ते म्हणाले, “बाई, रेषेपर्यंत नक्की जाऊ. पण रेषेपेक्षा मी तुमच्या मुलाचे जास्त ऐकणार आहे.”

त्याचा अर्थ शस्त्रक्रियेच्या दिवशी कळला. मेंदूला स्वतःला वेदना नसतात. कातडी बधिर केली की रोगी जागा राहू शकतो. भाच्याला जागे ठेवून त्याच्यापुढे एकेक चित्र धरीत गेले. बैल, घर, घागर, छत्री. डॉक्टर एका बारीक विजेच्या टोकाने मेंदूच्या एकेका जागेला स्पर्श करीत, आणि तो नावे सांगे. काम बरेच पुढे गेल्यावर पुन्हा छत्रीचे चित्र आले. भाच्याने ते पाहिले, ओळखले, बोटांनी छत्री उघडण्याची खूणसुद्धा केली. पण शब्द आला नाही. विजेचे टोक उचलले आणि शब्द परत आला. पुन्हा तेथेच टेकविले, पुन्हा गेला. नेत्रिकेतली पिवळी रेषा अजून पुढे होती. ती सांगत होती की गाठ उरली आहे. डॉक्टरांनी तेथे हात थांबविला.

बाहेर येऊन त्यांनी हे सरळ सांगितले, तेव्हा ताई रागावली. एवढे डोके उघडले आणि गाठ ठेवलीच कशी, हा तिचा प्रश्न काही वेडेपणाचा नव्हता. उरलेली गाठ पुन्हा वाढू शकते हे डॉक्टरांनीही नाकारले नाही. ते एवढेच म्हणाले, “तो शेवटचा तुकडा मी काढला असता तर एम.आर.आय.चे चित्र फार सुरेख आले असते. पण तुमचा शिक्षक मुका झाला असता.” पुढे किरणोपचार झाले. दर सहा महिन्यांनी चित्र काढावे लागते आणि त्या आठवड्यात आमच्या घरी कोणी नीट जेवत नाही. भाचा शाळेत जातो. क्वचित एखाद्या शब्दापाशी थबकतो. मुले तो शब्द पुरवितात.

चष्मा आला, पुढे काय?

सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेतून ही रेषा आता चष्म्यात उतरली आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ च्या अखेरीस अशा एका चष्म्याला पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मान्यता दिली, आणि जून २०२० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तो लावून एका रोग्याच्या कण्यात स्क्रू बसविले गेले. दोनच दिवसांनी दुसऱ्या रोग्याच्या कण्यातली गाठही काढण्यात आली. कणा आधी का, याचे उत्तर वाचकांना एव्हाना मिळाले असेल. हाड सरकत नाही, बसत नाही. त्यावर नकाशा टिकतो. मेंदूच्या बाबतीत हा चष्मा कोठून छेद घ्यावयाचा हे ठरविण्यास, शिकाऊ डॉक्टरांना शिकविण्यास आणि रोग्याच्या आप्तांना समजावून सांगण्यास चांगला उपयोगी पडतो. खोलवर गेल्यानंतर मात्र त्याच्यावर किती विसंबावयाचे याचे उत्तर सावधपणेच द्यावे लागते.

आणखीही एक धोका आहे. डोळ्यापुढे ठळक रेषा असली की माणसाचे लक्ष तिच्यावर खिळते आणि शेजारी अनपेक्षित घडत असलेले निसटू शकते. शिवाय हवेत तरंगणारे चित्र खरोखर किती खोल आहे याचा अंदाज डोळ्याला सहज येत नाही. ज्याने आधी चष्म्याविना रान पायाखाली घातले आहे, त्याच्याच हाती हा नकाशा शोभतो.

आपल्यासारख्यांनी काय ध्यानी धरावे

वाचकांपैकी अनेकांच्या मनात हा प्रश्न येईल, की घरात असा प्रसंग आला तर ‘ते यंत्र असलेले’ रुग्णालय शोधावे काय? नागपुरात आम्हीही प्रथम हेच विचारीत फिरलो. आता मला वाटते, विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत. या जातीच्या किती शस्त्रक्रिया येथे होतात? गाठ बोलण्याच्या किंवा हातापायाच्या केंद्राजवळ असेल तर रोग्याला जागे ठेवून काम करण्याची सोय आहे काय? शस्त्रक्रिया चालू असताना पुन्हा चित्र घेता येते काय? साधी सोनोग्राफीसुद्धा येथे मोठे काम करून जाते.

पैशाचा प्रश्न तर आहेच. राज्य सरकारची आरोग्य योजना २०१२ साली प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आमचा शेजारचा गडचिरोली जिल्हा होता. २०१३ मध्ये ती सर्व राज्यात आली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. मेंदूतील गाठीच्या शस्त्रक्रिया तिच्यात बसतात. कागदपत्रे आधीच जुळवून ठेवलेली बरी. ऐन वेळी शिधापत्रिका शोधण्यात दिवस जातो.

आणि सर्वांत महत्त्वाचे ते लक्षणांचे. डोके दुखणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात गाठ नसते, हे आधी सांगतो. उगाच घाबरू नये. परंतु पहाटे उठताच दुखणारे आणि उलटीबरोबर येणारे डोके, मोठेपणी प्रथमच आलेली फिट, एका बाजूच्या हातापायाला येणारा कमकुवतपणा, दृष्टीत पडलेला फरक, शब्द हरवणे किंवा शांत माणसाचा स्वभाव अकारण बदलणे, यांपैकी काहीही दिसले तर उतारा टाकण्यात दिवस घालवू नयेत. नागभीडहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर आहे. नॅरो गेजची ती छोटी गाडी होती तेव्हा हे अंतर कापण्यात अर्धा दिवस सहज जाई; ती २०१९ साली बंद झाली. मोटारीने आता दोन-अडीच तास पुरतात. आमच्या भाच्याच्या बाबतीत पहिला शब्द हरवल्यापासून त्या मोटारीत बसेपर्यंत सात महिने गेले होते.